टी-३४/८५, माप १:१६ : बांधणी, रंग आणि धुळीच्या नोंदी

६ जानेवारी : मोजमाप

रेडिओवर चालणारा, जोडून आलेला, एबीएस प्लास्टिकचा संच. चालतो ठीक, पण दहा फुटांवरूनही खेळणंच वाटतो. असं का वाटतं ते आधी आकड्यांत मांडलं.

खरा टी-३४/८५, दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टँक, सुमारे ३२ टनांचा. हलची (टँकच्या धडाची) लांबी ६.१० मीटर, रुंदी ३ मीटर, ट्रॅक (चाकांभोवतीचा साखळीपट्टा) ५०० मिमी रुंद, पोट जमिनीपासून ४०० मिमी वर. सोळाने भागलं की हल ३८१ मिमी, रुंदी १८७.५, ट्रॅक ३१.२५ आणि पोटाखाली २५ मिमी. संचाची हल ३७९ आणि ट्रॅक ३१ भरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पोटाखाली मात्र ३३ मिमी जागा आहे, म्हणजे गाडी टाचा उंचावून उभी. तोफ ८५ मिमीची, तर तोंडाचं भोक ५.३ मिमी हवं. संचात ६ मिमीच्या प्लास्टिक गोळ्या उडवायची सोय असल्यामुळे भोक त्याहून मोठं, आणि बाहेरून बॅरल पाइपासारखी जाड.

वजन २.७ किलो. माप तिन्ही दिशांनी घटतं, म्हणून ३२ टनांना ४,०९६ ने भागायचं : ७.८ किलो. इतकं वजन या गिअरबॉक्सला झेपणार नाही. ५ किलोच्या आसपास थांबायचं.

वेग : रस्त्यावर खऱ्याचा कमाल वेग ताशी ५५ किमी. संच १ मीटर १.६ सेकंदात पार करतो, म्हणजे मापाने ताशी ३६ किमी. आकडा खोटा नाही, पण ढिगाऱ्यांच्या गल्लीत कुठला टँक या वेगाने जातो? ताशी १५ किमी धरले तर १ मीटरला साधारण ३.८ सेकंद लागायला हवेत. ट्रान्समीटरवर वरची मर्यादा लावून ते जमेल.

विषय : बर्लिन, एप्रिल १९४५ ची अखेर. टरेटभोवती (तोफेच्या फिरत्या बुरुजाभोवती) पांढरा पट्टा आणि छतावर पांढरी फुली, मित्रराष्ट्रांच्या विमानांना वरून ओळख पटावी म्हणून. बर्लिनची लढाई १६ एप्रिल ते २ मे. म्हणजे पांढरा रंग फार तर दोन आठवड्यांचा, खालचा हिरवा काही महिन्यांचा, आणि विटा-चुन्याची धूळ त्याच दिवसाची. वेदरिंगचे (झीज, धूळ, डाग दाखवण्याचे) सगळे निर्णय या तीन वयांवरून घ्यायचे. या टँकवर कुजलेला गंज येणारच नाही. तेवढं आयुष्यच त्याला मिळालेलं नसतं.

११ जानेवारी : गिअरबॉक्स

दोन मोटरी, दोन धातूचे गिअरबॉक्स, दोन्ही मागे. टी-३४ चं इंजिन आणि ड्राइव्ह मागेच असल्यामुळे ही मांडणी बरोबर आहे.

उघडल्यावर ग्रीसचा गोळा कव्हरला चिकटलेला आणि दात कोरडे. नव्या संचात बहुतेक वेळा हेच दिसतं. सगळं व्हाइट स्पिरिटने धुतलं, वाळवलं, बारीक ब्रशने फक्त दातांवर लिथियम ग्रीस लावलं, बेअरिंगला पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब. जास्त ग्रीस म्हणजे जास्त वंगण नव्हे. ते फेकलं जाऊन हलच्या आत पसरतं, आणि आत आलेली धूळ त्यात मिसळली की दातांना पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं.

मोटरच्या पिनियनचा (दांड्यावरच्या छोट्या गिअरचा) दुसऱ्या गिअरशी मेळ वर्तमानपत्राच्या कागदाने तपासला. दातांमधून पट्टी फिरवली की ती चुरगळून पण अखंड बाहेर यावी. फाटली तर मेळ घट्ट, सपाट आली तर सैल. डावीकडे फाटली. मोटरचे स्क्रू ढिले करून केसभर सरकवली.

७.४ व्होल्टवर बिनभाराचा प्रवाह : उजवी ०.४२ अँपिअर, डावी ०.६१. एवढ्या फरकाने गाडी सरळ जाणार नाही, सतत एका बाजूला ओढेल. या फरकाचं कारण मोटर नव्हतीच. हलचा तळ सपाट नव्हता. चारही स्क्रू आवळल्यावर गिअरबॉक्सची पत्र्याची चौकट पिळली जात होती. मागच्या डाव्या स्क्रूखाली ०.३ मिमीचा प्लास्टिक तुकडा सरकवला, प्रवाह ०.४५ वर आला. एका बाजूला ओढणारी गाडी ट्रान्समीटरच्या ट्रिमने सरळ करण्याआधी हे बघावं. ट्रिमने चाल सरळ होते, पण पिळलेली चौकट बेअरिंग खातच राहते.

प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर : एक दोन्ही टोकांमध्ये, दोन प्रत्येक टोकापासून आवरणाला. ब्रशच्या ठिणग्यांमुळे आवाजात येणारी खरखर आणि रिकॉइल सर्व्होचं (तोफ मागे सरकवणाऱ्या छोट्या मोटरचं) थरथरणं यांनी थांबतं. डाग देण्यापूर्वी आवरण तिथे घासून चकचकीत केलं. निकेलच्या मुलाम्यावर सोल्डर नीट धरत नाही.

१४ जानेवारी : सस्पेन्शन, वजन

रोड व्हील (भार पेलणारी चाकं) दर बाजूला पाच, संचातली प्लास्टिकची काढून धातूची बसवली, कडांना रबर. ट्रॅकही धातूचे. फक्त एवढ्यानेच वजन ४.३ किलोवर गेलं आणि पोटाखाली ३३ ची ३० मिमी झाली. पुढच्या स्प्रिंगा अजून कडक आहेत. खऱ्या टँकचा भार पुढे झुकलेला, टरेट पुढे सरकवलेला. मॉडेलमध्ये मात्र गिअरबॉक्स मागे असल्यामुळे शेपूट जड. म्हणून बॅटरी पुढे नेली आणि ड्रायव्हरच्या जागेखाली पोलादी पट्ट्यांचे ६५० ग्रॅम, दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवून. दुतर्फी टेपवर वजन सोडू नये. एखाद्या उतारावर ते सुटतं आणि थेट सर्किट बोर्डावर जाऊन बसतं.

आता ४.९५ किलो, पोटाखाली पुढे २५, मागे २६. ब्रेक मारला की नाक किंचित खाली जातं आणि परत वर येतं. सगळ्या रंगकामाने मिळणार नाही इतका खरेपणा या एका हालचालीत आहे.

१६ जानेवारी : ट्रॅक

टी-३४ ला वरच्या बाजूने ट्रॅक पेलणारे रोलर नाहीत. वरचा ट्रॅक थेट रोड व्हीलांवर टेकतो. ट्रॅक ताणून सरळ रेषेत ठेवलेलं मॉडेल म्हणूनच ओळखीचा माणूस लगेच पकडतो.

ताण पुढच्या आयडलरच्या (ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकाच्या) एक्सेंट्रिकने जमवायचा. वरचा ट्रॅक दुसऱ्या ते चौथ्या चाकाला टेकेल, पहिल्या आणि पाचव्यापाशी उचललेला राहील, इतका. याहून सैल ठेवला तर जागच्या जागी वळताना मधला दात चाकांच्या फटीतून वर चढतो आणि ट्रॅक निसटतो. याहून घट्ट ठेवला तर सतरंजीवर वळताना प्रवाह ३.१ वरून ४.४ अँपिअर होतो. दोन्ही मोजून पाहिलं.

खऱ्या ट्रॅकमध्ये ७२ कड्या, एक दाताची, एक सपाट, अशा आलटून पालटून. ड्राइव्ह व्हील त्या मधल्या दातांना रोलरांनी पकडून खेचतं. बाहेरून दातेरी चाक नाही. मॉडेलमध्ये मांडणी तीच, त्यामुळे ट्रॅक लांब झाला तर एक कडी काढून चालत नाही. जोडी काढावी लागते, नाहीतर दोन सपाट कड्या शेजारी येतात आणि चाक तिथे घसरतं. नवीन धातूच्या पिना पहिल्या तासात घासून बसतात आणि ट्रॅक लांबतो. म्हणून रंगाआधीच ट्रॅक घासून घ्यायचा : तेल न लावता, थोडी ग्रॅफाइट पूड टाकून, जमिनीवर ४० मिनिटं मागे-पुढे. तेल लावलं तर पुढे धूळ तेलात बसेल. ४० मिनिटांनी उजव्या ट्रॅकची एक जोडी काढली, डाव्याची नाही. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा नसणं चालतं, ताण सारखा हवा.

२० जानेवारी : बोर्ड, धूर, रिकॉइल

थोडक्यात. बॅटरी दोन सेलची ७.४ व्होल्ट, सेलमागे ३.३ व्होल्टला इशारा देणारा बझर. स्विच आणि चार्जिंगचं टोक ड्रायव्हरच्या हॅचखाली (उघडणाऱ्या झाकणाखाली). वरची हल स्क्रूंऐवजी १० बाय २ मिमीच्या सहा चुंबकांनी धरली आहे, कारण प्रत्येक वेळी स्क्रू उघडणं म्हणजे प्रत्येक वेळी रंग उडवणं. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करावी. एक उलटा चिकटला की हल बसतच नाही.

गोळ्यांची यंत्रणा काढून टाकली. जागी ॲल्युमिनियमची कातलेली बॅरल आणि सर्व्होवर चालणारं रिकॉइल, सरक १८ मिमी. झटक्यात मागे, सावकाश पुढे, असा वेळ बोर्डावरच लावता येतो. दोन्ही वेग सारखे ठेवले तर तोफ शिवणयंत्रासारखी दिसते.

धुराचं यंत्र रंगाआधीच चालवून पाहिलं, आणि ते बरं झालं. तेल १० ते १५ थेंब. कमी पडलं तर आतली वात जळून काळी पडते, जास्त झालं तर उकळून तुषार बाहेर येतात आणि मागच्या पत्र्यावर दिसणार नाही असा तेलाचा पापुद्रा बसतो. त्यावर प्रायमर धरत नाही. धूर दोन्ही एक्झॉस्ट पाइपांतून निघतोय, बरोबर आहे. चाचणीनंतर मागचा भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तीनदा पुसला.

२५ जानेवारी : टरेट

टी-३४/८५ चा टरेट ओतीव, पण छताचा पत्रा वेगळा, वरून वेल्ड केलेला. त्यामुळे खडबडीतपणा फक्त बाजूंना द्यायचा. छत गुळगुळीत. सगळीकडे सारखा दाणा मारलेले टरेट खूप दिसतात, आणि मग वेल्डची रेष तिथे का आहे हेच कळत नाही.

पद्धत : मॉडेलची राखाडी पुट्टी लॅकर थिनरमध्ये दुधाच्या सायीइतकी पातळ केली, केस कापून आखूड केलेल्या ब्रशने टोचत लावली. एका वेळी हाताच्या पंजाएवढाच भाग, कारण थिनर लगेच उडतो. अर्धवट सुकल्यावर थिनरने ओलसर केलेला ब्रश एकदा फिरवला, की टोकं बोथट होतात. १:१६ मध्ये दाणा लहानच हवा. खऱ्यावरचा ५ मिमीचा उंचवटा इथे ०.३ मिमी. पहिला हात फार उठला होता, ४०० च्या पॉलिश पेपरने उतरवला.

साच्याच्या दोन भागांची जोडरेषा : ०.५ मिमीची ताणलेली प्लास्टिक काडी चिकटवून, पातळ सिमेंटने मऊ करून पात्याने ओबडधोबड कापली. छताचा वेल्ड इपॉक्सी पुट्टीचा. सुतासारखी वळी लाटून बसवली, ओल्या सुईने एकसारख्या अर्धचंद्र खुणा दाबल्या. फार एकसारख्या नकोत. युद्धकाळातला वेल्ड कुठे रुंद, कुठे अरुंद असतो.

टरेटवर स्वार शिपायांसाठी धरायच्या दांड्या. संचातल्या २ मिमी जाड, म्हणजे मापाने ३२ मिमी. काढल्या, १ मिमी पितळी तार वाकवून घातली. आत टोकं वाकवून इपॉक्सी लावलं. मॉडेल उचलताना हात नेमका तिथेच जातो, नुसता सुपरग्लू पुरत नाही.

फेंडरच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या) कडा १.५ मिमी जाड होत्या. बदलण्याऐवजी खालून तासून कडेला ०.४ वर आणल्या. समोरून पाहणाऱ्याला कडच दिसते. पुढचा उजवा फेंडर मात्र ०.२ मिमी पितळी पत्र्याचा केला आणि आत दुमडला. पितळ आधी तापवून मऊ करून घेतलं, म्हणून पत्रा खरा चेमटतो, कागदासारखा घडी पडत नाही.

बर्लिनमधल्या काही टँकांना पँत्सरफाउस्ट या जर्मन टँकविरोधी अस्त्रापासून बचावाला जाळीच्या चौकटी लावलेल्या होत्या. मोह होता. पण हा टरेट फिरतो, हल उघडते, आणि तारेची चौकट पहिल्याच दिवशी वाकेल. नको.

३० जानेवारी : धुणं आणि प्रायमर

भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात सगळं, मग दोन दिवस वाळवण. पितळ आणि ॲल्युमिनियमला एच (धातूला किंचित खाऊन धरणारा) प्रायमर, प्लास्टिकला नाही. एच प्रायमरमधलं आम्ल आणि द्रावक एबीएसला चावतं. प्लास्टिक आणि पुट्टीवर साधा लालसर तपकिरी प्रायमर. हा रंग पुढे ओरखड्यांखाली कामाला येईल. प्रायमरनंतर वेल्डमध्ये दोन छिद्रं दिसली, भरली, पुन्हा मारला.

३ फेब्रुवारी : हिरवा

सोव्हिएत टँकांचा प्रमाण रंग ४बीओ. नवा असताना गडद, उन्हापावसात पिवळसर फिकट होत जाणारा. तामियाचे रंग वापरले : एक्सएफ-५८ (ऑलिव्ह हिरवा) चे तीन भाग, एक्सएफ-४९ (खाकी) चा एक. थिनर एक्स-२०ए, रंगाइतकाच किंवा थोडा जास्त. सुई ०.३ मिमी, दाब १५ ते १८ पीएसआय.

आधी पोट, सांधे आणि फेंडरखालचा भाग काळपट तपकिरी. मग वरून हिरवा पातळ थरांनी, सांध्यांत थोडा कमी. मग त्याच हिरव्यात एक्सएफ-५७ (बफ, फिकट पिवळसर) चा दहावा हिस्सा टाकून छत, पुढचा उतरता पत्रा आणि हॅच. इथे हात आखडता ठेवला. लहान मापांत प्रत्येक पत्रा उजळ-गडद करतात, कारण तिथे खरी सावली पडायला जागाच नसते. हा टँक अडतीस सेंमी लांब आहे. फेंडरखाली खरीच सावली पडते. तिच्यावर रंगवलेली सावली चढवली की मॉडेल चित्रासारखं दिसतं, आणि ते फिरलं की दोन सावल्या वेगवेगळ्या दिशांना जातात. चालणाऱ्या मॉडेलला हे परवडत नाही.

टरेटच्या दाण्यावर रंग उडत होता, खरखरीत बसत होता. अंतर जास्त होतं, थेंब वाटेतच सुकत होते. ८ सेंमीवर आणल्यावर थांबलं.

७ फेब्रुवारी : पांढरा पट्टा

हे काम मास्किंग टेप लावून करायचं नाही. खऱ्यावर ते घाईत, ब्रशने, हाताने केलेलं. खालची कड पेन्सिलने अंदाजे आखली आणि ६ नंबरच्या चपट्या ब्रशने मारली. रंग एक्सएफ-२ (पांढरा) चे दहा भाग, एक्सएफ-५७ चा एक. शुद्ध पांढरा या मापात डोळ्यांत खुपतो. दोन हात. पहिला ब्रशच्या रेघा दिसतील असा कोरडा, दुसरा फक्त मधे. ओतीव दाण्याच्या खड्ड्यांत हिरवा दिसत राहतो, तो तसाच राहू दिला. दांड्यांच्या मागे ब्रश पोहोचत नाही, तिथेही हिरवाच. छतावरची फुली हॅचच्या कडेवर तुटते. हॅच उघडलेलं असताना रंगवली, मग मिटलं. रेषा एक मिमीने हुकली. हवी होती तशीच.

टरेटचा क्रमांक तीन आकडी, स्टेन्सिलने, मग एका आकड्याची कड हाताने बिघडवली. कुठल्याही विशिष्ट तुकडीचा नाही.

१० फेब्रुवारी : ओरखडे

स्पंजचा फाटका तुकडा, तपकिरी-काळा रंग, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा. कुठे : हॅचच्या कडा, ड्रायव्हरच्या हॅचभोवती, फेंडरची पुढची कड, दांड्यांखालचा भाग जिथे बूट घासतात. कुठे नाही : दांड्यांपासून दूरच्या टरेटच्या बाजू, मागचा उभा पत्रा. तिथे कुणी चढत नाही.

हिरव्यावरच्या मोठ्या ओरखड्यांत आधी लालसर प्रायमर, मग मधोमध गडद तपकिरी. १:१६ मध्ये ०.५ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्यावर ८ मिमीचा टवका, म्हणून ०.१ ते ०.३ मिमी पुरे. आणि पांढऱ्या पट्ट्यावर मोजून सात ओरखडे, सगळे दांड्यांपाशी, आणि त्यांच्याखाली पोलाद नव्हे तर हिरवा. दोन आठवड्यांच्या रंगातून बूट घासून पोलादापर्यंत पोहोचत नाहीत. हिरव्या रंगावर जितकं झिजलं तितकंच पांढऱ्यावर झिजवलं, तर दोन्ही रंग एकाच दिवशी लागल्यासारखे होतात आणि पट्ट्याची गोष्टच संपते.

हॅचच्या कडांवर ६बी पेन्सिल घासली.

१४ फेब्रुवारी : वॉश, आणि तडा

एक्स-२२ चकाकीचा थर, ४८ तास. मग गडद तपकिरी इनॅमल पिन वॉश (फक्त कडांत टेकवायचा पातळ रंग), बोल्ट आणि वेल्डच्या कडेने, टोकदार ब्रशने. २० मिनिटांनी जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली पुसला.

तीन तासांनी मागच्या डाव्या कोपऱ्यात, पेट्यांच्या स्क्रूपाशी केसासारखा तडा, १४ मिमी. वॉश स्क्रूच्या भोकात साचला होता. एबीएसवर ताण असताना इनॅमलचा थिनर लागला तर तो ताणाच्या रेषेतून आत शिरतो आणि प्लास्टिक फाटतं. ताण नसलेल्या सपाट पत्र्यावर तोच वॉश काहीही करत नाही. स्क्रू वाजवीपेक्षा घट्ट आवळला होता.

दुरुस्ती : स्क्रू काढला, तड्याच्या टोकाला ०.५ मिमीचं भोक, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. आतून १ मिमी एबीएसची पट्टी एबीएसच्याच सिमेंटने. बाहेरून रेष भरली, हिरवा टिपका मारला. मग सगळेच स्क्रू अर्धा फेरा सैल केले. पुढच्या वेळी क्रम असा : वॉशच्या आधी स्क्रू ढिले, भोकांच्या आतल्या बाजूला ॲक्रिलिक वार्निश, आणि वॉश कधीही ओतायचा नाही, टेकवायचा.

१८ फेब्रुवारी : ऑइल कलर

ट्यूबमधला रंग पुठ्ठ्यावर दोन तास ठेवून तेल शोषू दिलं. बफ, जळकी अंबर, फिका हिरवा : टिंब टिंब लावून व्हाइट स्पिरिटने ओलसर चपट्या ब्रशने उभ्या पत्र्यावर सरळ खाली ओढले. पांढऱ्या पट्ट्यावर फक्त दोन ओघळ, दांडीच्या बोल्टखाली, फिकट राखाडी. इंधनाच्या दंडगोल टाक्यांच्या झाकणांभोवती अंबर आणि चकाकी वार्निश मिसळून डाग. आधी मोठा मॅट डाग, त्याच्या आत लहान चमकदार. जुन्या डिझेलवर धूळ बसलेली असते, ताजं चमकतं.

तीन दिवस सुकायला.

२२ फेब्रुवारी : ट्रॅक काळे करणं

खरे ट्रॅक मँगॅनीज पोलादाचे ओतीव, चालत्या गाडीवर रंग टिकत नाही. मॉडेलवरही टिकत नाही, दहा मिनिटांत सोलतो. म्हणून रंगच नको. जस्ताच्या मिश्रधातूचे ट्रॅक साबणाने धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये २० मिनिटं ठेवले. बुडबुडे येतात, हा हायड्रोजन आहे. झाकण लावू नये, खिडकी उघडी ठेवावी. मग स्वच्छ धुऊन जस्तासाठीचं काळं करणारं द्रावण, हातमोजे घालून. पोलादासाठीचं द्रावण जस्तावर डाग पाडतं, सारखं बसत नाही. आधी दोन सुट्या कड्यांवर तपासलं : ९० सेकंदांत गडद राखाडी, ३ मिनिटांत काळा भुगा जो बोटाने निघतो. ९० सेकंदच.

धुवून, हेअर ड्रायरने पिनांपर्यंत वाळवले. जमिनीला टेकणाऱ्या कडा आणि मधल्या दातांच्या बाजू ८०० च्या पॉलिश पेपरने उजळल्या. दात चाकांच्या आतल्या बाजूला घासतो, म्हणून चाकांच्या आतल्या कडाही धातूसारख्या हव्यात.

२६ फेब्रुवारी : धूळ

पहिला घोळ : विटांची धूळ म्हणून लाल पिगमेंट (कोरडी रंगपूड). सुट्या फेंडरवर लावून पाहिलं, मंगळ ग्रहावरचा टँक झाला. पडलेल्या इमारतीत वीट असते तितकाच चुना आणि गारा असतो, आणि गिलाव्याची पूड विटेपेक्षा बारीक असल्यामुळे तीच उडून वर बसते. म्हणून मिश्रण : काँक्रीटी राखाडी तीन भाग, विटकरी दीड, बफ एक. सुकल्यावर ते राखाडी गुलाबी दिसतं, आणि जिथे खरा विटांचा तुकडा अडकला आहे तिथेच लाल उठून दिसतो.

मॅट वार्निश आधी, कारण चकचकीत पृष्ठावर पिगमेंट घसरतं. एअरब्रशने एक्सएफ-५५ (फिकट तपकिरी) आणि एक्सएफ-५७ समसमान, थिनर नऊपट, खालच्या तिसऱ्या भागावर. मग कोरडं पिगमेंट आडव्या जागांवर, व्हाइट स्पिरिटचा थेंब कडेला टेकवला की आपोआप पसरतो. स्पिरिट लागल्यावर रंग गडद होतो, सुकल्यावर परत फिका. ओलं असताना आणखी टाकायचा मोह आवरायचा. स्क्रूंच्या जवळ स्पिरिट नाही, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि तेही थेंबभरच, कारण ते खालचा ॲक्रिलिक सोडवू शकतं.

ढिगारा : फेंडरवर आणि इंजिनच्या झाकणावर खऱ्या विटेची चाळलेली पूड आणि प्लास्टरचे १ ते २ मिमी तुकडे, पाण्याने अर्धा केलेल्या पांढऱ्या डिंकात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून. इंजिनच्या जाळीवर नाही. खाली स्पीकर आहे, आणि सुटलेला कण गिअरबॉक्सपर्यंत जातो. चाकांमध्येही प्लास्टरचा चिखल नाही. तो पहिल्या वळणावर तुटतो, तुकडा ट्रॅकच्या दातासमोर आला की गिअर कटकटतो.

रबराच्या कडांवर रंग अजिबात नाही, रबर दबतं आणि रंग भेगाळतो. फक्त पिगमेंट बोटाने चोळलं.

पांढऱ्या पट्ट्यावर धुळीचा थर हिरव्याइतकाच. हे ताजं आहे, ते दोघांवरही सारखंच पडणार.

एक्झॉस्ट : गडद तपकिरी, त्यावर नारिंगी पिगमेंट अगदी थोडं, तोंडाशी काजळी. गंजायला एवढीच जागा आहे, कारण इथला रंग उष्णतेने पहिल्याच दिवसांत जळतो.

१ मार्च : चालवणं

सिमेंटच्या फरशीवर २५ मिनिटं, विटांच्या तुकड्यांवरून, १ मीटरला ४ सेकंद. प्रवाह सरळ जाताना १.६, जागच्या जागी वळताना २.९ अँपिअर.

काय झालं : ट्रॅकच्या बाहेरच्या कडा स्वतःहून चकाकल्या, पेपरने केलेल्या उजळपणापेक्षा जास्त पटण्यासारख्या. चाकांच्या रबरावरची धूळ टेकण्याच्या जागी गेली, कडेला राहिली. मागच्या फेंडरच्या आतल्या बाजूला ट्रॅकने फेकलेली पूड उभ्या फवाऱ्यासारखी बसली, एअरब्रशने हे आलंच नसतं. ती तिथेच अल्कोहोलच्या एका थेंबाने पक्की केली. डाव्या ड्राइव्ह व्हीलच्या रोलरवर पिगमेंटचा लगदा साचला होता, सुईने काढला.

प्लास्टरचे दोन तुकडे इंजिनच्या झाकणावरून पडले. परत चिकटवले नाहीत, त्यांच्या जागी फिक्या कडेचे दोन डाग राहिलेत.

रिकॉइलने बॅरलच्या बुडाशी रंग घासला गेला, ॲल्युमिनियमची रेष दिसतेय. तिथे रंग नको, ग्रीसचा गडद डाग चालेल. जळकी अंबर आणि चकाकी वार्निश, टूथपिकने.

तड्याची जागा तपासली, वाढलेला नाही. डाव्या ट्रॅकची एक जोडी आता काढायला हवी.